दारूबंदीच्या गावात हा प्रश्न कोणी विचारत नाही

ताई, तुमचं पत्र चार पानी आहे. उत्तर इतरांच्याही वाचनात येणार म्हणून आधी थोडक्यात मांडते. आठ वर्षांचा मुलगा, अडीच वर्षांचा असताना दत्तक घेतलेला, आता तिसरीत. सकाळी सातचा पाढा धडाधड म्हणतो आणि संध्याकाळी ‘सात त्रिक’ विचारलं की तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. दुसऱ्याची पेन्सिल दप्तरात सापडते आणि ‘टीचरनीच दिली’ म्हणून शपथेवर सांगतो. शाळेचं म्हणणं एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा. परदेशातल्या एका नातेवाइकाने व्हिडिओ कॉलवर चेहरा बघून ‘फीटल अल्कोहोल’ असा शब्द टाकला, म्हणजे आईने गरोदरपणी घेतलेल्या दारूने मुलाला झालेली इजा, आणि तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे. तुम्ही विचारता: हे तेच का, टेस्ट कुठली आणि बरं होईल का. शिवाय ताजा कलम: वहिनीला पाचवा महिना. दिवस राहिल्याचं कळायच्या आधी ती दमणला मैत्रिणीच्या लग्नात दोन दिवस होती, तिथे ‘थोडी’ घेतली. घरात फक्त तुम्हाला माहीत आहे.

मी ताज्या कलमापासून सुरुवात करते. तुमच्या लेकाच्या बाबतीत जे व्हायचं ते होऊन गेलंय, वहिनीच्या बाबतीत अजून चार महिने हातात आहेत.

पहिलं काम म्हणजे ‘थोडी’चा हिशोब. व्हिस्कीचा तीस मिलीचा छोटा पेग म्हणजे साधारण दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जेवणाबरोबरचा दीडशे मिली वाइनचा ग्लास, साधारण चौदा. आणि बायका ज्याला ‘बियरच तर होती’ म्हणतात, ती साडेसहाशे मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बाटली असेल तर एकेचाळीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार छोटे पेग. बियर म्हणजे जवाचं पाणी, तिने लघवी साफ होते, हे मी डॉक्टरांच्या घरांतूनही ऐकलंय. तेव्हा वहिनीला ‘किती ग्लास’ एवढंच विचारू नका. कशाचे, केवढे, एका बैठकीत किती, आणि शेवटच्या पाळीची तारीख धरून नेमके कोणते दिवस, हेही विचारा.

वार, म्हणजे गर्भाला पोसणारा अवयव, आईच्या रक्तातली दारू अडवत नाही. थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तात जवळपास तेवढीच पातळी होते. फरक असा की आईचं यकृत ती जाळतं, गर्भाच्या यकृताला ते अजून जमत नाही, आणि आजूबाजूच्या गर्भजलात ती रेंगाळते. सगळ्यात वाईट म्हणजे एका बैठकीत जास्त. रोजच्या थेंबाथेंबालाही ‘एवढी चालेल’ अशी सुरक्षित मर्यादा आजवर कोणी दाखवू शकलेलं नाही, म्हणून सल्ला एकच दिला जातो: अजिबात नको. चेहऱ्याची ठेवण बिघडण्याचा काळ अगदी चिंचोळा असतो. उंदरांवरच्या प्रयोगांवरून तो माणसात गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो, म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. म्हणून चेहरा अगदी नीट आणि मेंदू दुखावलेला, अशीच मुलं जास्त असतात.

वहिनीला घाबरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. 2017 साली जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की गरोदरपणात दारू घेतलेल्या साधारण तेरा स्त्रियांमागे एकीच्या मुलाला हा विकार होतो. त्या तेरांत रोज पिणारीही आहे आणि एकदाच पिणारीही. दोन दिवसांच्या लग्नावरून गर्भपाताचा विचार कोणी करत असेल तर मी स्पष्ट नाही म्हणेन. पण ‘झालं ते झालं, आता काय’ म्हणून डोहाळजेवणाला पुन्हा ग्लास हातात, हेही नको. जो दिवस दारूशिवाय जातो तो बाळाच्या मेंदूच्या खात्यात जमा होतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यात हृदय, मणका, मूत्रपिंड दिसेल, सातचा पाढा दिसणार नाही. तिने स्वतःच्या तोंडाने तिच्या डॉक्टरांना सांगावं, ते केसपेपरवर लिहिलं जावं, आणि बाळ झाल्यावर बालरोगतज्ज्ञांपर्यंत पोचावं. डोक्याचा घेर, वाढ, वर्षाच्या आत-बाहेरचे टप्पे यांवर बारीक लक्ष राहिलं तर काही निघालंच तरी ते आठव्या वर्षी नव्हे, दुसऱ्या वर्षी कळेल.

सांगताना ती अडखळेल, ते मला कळतं. आपण बडोद्यात आहोत. मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदीचा कायदा 1960 साली गुजरातबरोबर इकडे आला आणि राहिला. इथे घेतलेला पेग हा परमिट नसेल तर गुन्हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत गुजरातेत दारू घेतो म्हणणारे पुरुष शंभरात साधारण सहा निघाले, बायका शंभरात एकीहूनही कमी. देशात पुरुषांचा आकडा एकोणीसच्या आसपास आहे. आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही, कमी असतीलही. पण दारावर आलेल्या अनोळखी माणसाला ‘हो, घेते’ म्हणायला इथे केवढी छाती लागेल, याचा विचार करा. परिणाम असा की डॉक्टर विचारत नाहीत, कारण ‘आपल्याकडे कुठे’, आणि बायका सांगत नाहीत, कारण कोणी विचारत नाही. त्यात आपली मराठी घरं म्हणजे आणखीच. दांडिया बाजारातल्या वाड्यात तीन पिढ्या काढलेली आजी ‘आमच्यात तसलं काही नाही’ म्हणते, आणि तिच्याच कपाटात बाळंतिणीला द्यायची आणि सर्दीला पोरांच्या छातीवर चोळायची ब्रँडीची बाटली असते. ती औषध, दारू नव्हे! छोटा उदेपूरच्या आदिवासी पट्ट्यातून येणारी बाई मात्र महुड्याची (मोहाची दारू) किती घेतली ते बोटं मोजून सांगते, कारण तिच्या अंगणात ती लपवायची गोष्ट नसते. खोटा इतिहास मला श्रीमंत अलकापुरीतल्या मोटारीतून उतरलेल्या बाईकडून जास्त मिळालाय.

काढ्यांचंही एकदा सांगून टाकते, हमखास विचारलं जातं. आसवं आणि अरिष्टं आंबवून होतात, त्यांत आपोआप तयार झालेलं पाच ते दहा टक्के अल्कोहोल असतं. बाटलीच्या लेबलावर छापलेलं असतं. आठ टक्क्यांचं दशमूलारिष्ट वीस-वीस मिली दिवसातून दोनदा घेतलं तर अडीच ग्रॅम, म्हणजे पाव पेग. ते बाळंतपणानंतरचं औषध, ज्यांनी घेतलं त्यांनी जीव टांगणीला लावू नये. पोटात बाळ असताना मात्र वैद्यांना सांगून आसव-अरिष्टाऐवजी दुसरं काही घ्यावं.

विचारायचं कसं, याला माझ्या मते औषधाहून जास्त किंमत आहे. सासूबाई आणि नवरा बाहेर. हातात पेन नको. मी चहापासून सुरू करते: दिवसाला किती कप? मग बजर (तंबाखूची पूड) लावता का, तंबाखू, गुटखा? घरात कोण घेतं? मग त्याच सुरात, ‘आणि तुम्ही? दिवस राहिल्याचं कळायच्या आधीच्या तीन महिन्यांत, लग्नकार्यात, फिरायला गेल्यावर?’ ‘तुम्ही दारू पीत नाही ना?’ असं विचारलं तर उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं. प्रसूतितज्ज्ञांसाठी 1989 साली अमेरिकेत बनलेली टी-एस नावाची चार प्रश्नांची छोटी चाचणी आहे. किती घेतली की चढते, कोणी टोकलं की राग येतो का, कमी करावी असं कधी वाटलं का, सकाळी उठल्याबरोबर लागते का. पहिल्या प्रश्नाला ‘दोनहून जास्त’ असं उत्तर आलं तर दोन गुण, बाकी तिन्हींना एकेक. दोन गुण झाले की पुढची चौकशी. पहिला प्रश्न धूर्त आहे. बाईला त्यात आरोप वाटत नाही, उलट ‘मला नाही हो चढत’ असं अभिमानाने सांगते, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या मार्गदर्शनात तर हा प्रश्न प्रत्येक गरोदर स्त्रीला, प्रत्येक भेटीत विचारावा असं आहे. आपल्याकडे दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, आणि जगभर या विकाराचा जागृती दिवसही नवव्या महिन्याची नववी तारीख, 9 सप्टेंबर. योगायोगच आहे, पण त्या गर्दीत रक्तदाब मोजता मोजता हा एक प्रश्न सहज बसेल.

उत्तर ‘हो’ आलं तर भाषण नको. दहा मिनिटं शांतपणे बोललं, पुढच्या भेटीत पुन्हा विचारलं, की कधीमधी घेणाऱ्या बहुतेक जणी सोडतात. रोज घेणारीचं वेगळं. तिला ‘आजपासून बंद’ असं सांगून घरी पाठवणं धोक्याचं आहे. हात थरथरणं, फिट, भ्रम हे दोन-तीन दिवसांत येऊ शकतं आणि आई-बाळ दोघं जाऊ शकतात. तिला दाखल करून, मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, थोडे दिवस बेन्झोडायझेपिन गटातलं शांत करणारं औषध आणि सोबत थायमिन (ब1 जीवनसत्त्व) देऊन उतरवावं लागतं. दारू घेतली की उलट्या होतील अशी डायसल्फिरमची गोळी गरोदरपणात नको. फोनवरून बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस 14416, दोन्ही फुकट. आणि ज्यांना मूल नकोच आहे पण दारू सुटत नाही, त्यांना पक्कं गर्भनिरोधन देणं हाही प्रतिबंधच. अमेरिकेत ‘चॉइसेस’ नावाचा कार्यक्रम याच दोन पायांवर उभा आहे: दारू कमी करा नाहीतर गर्भ राहू देऊ नका, जे जमेल ते.

आता तुमचा लेक.

हा विकार तसा जुना, नाव मात्र अलीकडचं. फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमॉइन यांनी 1968 साली दारू पिणाऱ्या आयांच्या 127 मुलांचं वर्णन छापलं, फारसं कोणी वाचलं नाही. 1973 साली सिअ‍ॅटलचे केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी तेच चित्र ‘लॅन्सेट’मध्ये मांडून फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव दिलं. पुढे कळलं की तो हिमनगाचा शेंडा आहे, म्हणून सगळ्या छटांना मिळून फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, थोडक्यात एफएएसडी, म्हणायची पद्धत पडली. रक्ताची टेस्ट नाही, एमआरआयचा शिक्का नाही. नवजात बाळाच्या पहिल्या काळ्या शीमधून शेवटच्या काही महिन्यांतल्या दारूचा माग काढता येतो, पण ती वेळ तुमच्या हातात कधीच नव्हती. आठव्या वर्षी उरतात चार गोष्टी: चेहरा, वाढ, मेंदूचं काम आणि आईचा इतिहास.

चेहऱ्यात तीन खुणा बघतात. नाकाखालून वरच्या ओठापर्यंत जी पन्हळ असते ती सपाट, वरचा ओठ पातळ, आणि डोळ्यांची फट आखूड. फट मोजायला मी साधी पारदर्शक पट्टी वापरते. मुलाला हनुवटी न हलवता वर बघायला सांगायचं आणि आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत अंतर घ्यायचं. दोन मिलिमीटरची चूक झाली तर निदान इकडचं तिकडे होतं, म्हणून तीनदा मोजते. व्हिडिओ कॉलवर हे होत नाही, हे तुमच्या नातेवाइकांना माझा निरोप म्हणून कळवा. तिन्ही खुणा असतील, जोडीला वाढ मागे आणि मेंदूच्या खुणा असतील, तर आईचा इतिहास नसतानाही निदान करता येतं. चेहरा तसा नसेल तर इतिहास लागतोच, आणि दत्तक मुलाच्या फायलीत तो बहुधा नसतो. तुमच्याकडचे चाइल्ड स्टडी रिपोर्ट आणि मेडिकल रिपोर्ट पुन्हा काढा: जन्माचं वजन, डोक्याचा घेर, किती महिन्यांचा जन्मला, पहिल्या दिवसांत झटके आले का. जन्मदात्रीचा शोध मात्र घेत बसू नका. कायद्याने तिचं नाव झाकलेलं आहे आणि ते तसंच राहू द्या. तिलाही कधी कोणी चहाच्या कपापासून विचारलं नसणार.

अशीच ओठ-पन्हळ फिट्सच्या व्हॅल्प्रोएट गोळ्या घेणाऱ्या आईच्या मुलात दिसते, काही जनुकीय विकारांतही दिसते. म्हणून गुणसूत्रांतले दोष शोधणारी जेनेटिक मायक्रोअ‍ॅरे, थायरॉइड, ऐकण्याची आणि डोळ्यांची तपासणी, एकदा हृदयाचा इको आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी, एवढं मी सुचवीन. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, फक्त झटक्यांची शंका असेल तर.

मानसशास्त्रीय तपासणीत फक्त बुद्ध्यंक घेऊन परतू नका. या मुलांचा आकडा ऐंशीच्या घरात येतो, शाळा म्हणते ‘स्लो लर्नर’, आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या बौद्धिक अक्षमतेच्या उंबरठ्याच्या ते वर राहतात. खरी अडचण रोजच्या व्यवहारात असते: सुट्टे पैसे मोजणं, वेळेचा अंदाज, रांगेत थांबणं, एका वेळी तीन सूचना धरून ठेवणं. व्हाइनलँडसारखी सामाजिक क्षमतेची चाचणी मागून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एफएएसडी नावाने नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित यांतली अडचण) आहे, आणि आठ वर्षं पूर्ण झाली की तिची तपासणी होते. सरकारी मार्गाने जायचं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी. तिथे वाचाउपचार, व्यवसायोपचार (रोजची कामं जमवण्याचा सराव), मानसशास्त्र एका छपराखाली मिळतं.

‘बरं होईल का?’ बिघडलेली जुळणी पूर्ववत होत नाही, मूल मात्र बरंच पुढे जातं. सिअ‍ॅटलच्या अ‍ॅन स्ट्राइसगथ यांनी 1996 साली अशा मोठ्या झालेल्या मुलांचा अभ्यास मांडला. ज्यांचं निदान सहा वर्षांच्या आत झालं आणि ज्यांना मारझोडीविना स्थिर घर मिळालं, ती शाळा सुटणं, पोलीस, व्यसन यांपासून पुष्कळ वाचली. तुमचं सहावं वर्ष गेलं. स्थिर घर आहे.

गच्चीचं उदाहरण देते. एका मुलाला उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, आधी आईने पक्कं शिकवलं होतं, ‘आपल्या गच्चीच्या कठड्याजवळ जायचं नाही.’ मुलगा वर्षभर गेला नाही. पुढच्या उत्तरायणाला मामाच्या गच्चीवर पतंगामागे थेट कठड्यावर चढला. खाली उतरवून थोबाडीत दिली, तर तो रडत म्हणाला, ‘ही आपली गच्ची कुठे आहे?’ तो उद्धट नव्हता, नियम त्याच्या डोक्यात त्या एका गच्चीला चिकटला होता. प्रत्येक गच्चीवर, प्रत्येक वेळी नव्याने सांगावा लागतो आणि तोवर हात धरून ठेवावा लागतो. पाढ्याचंही तसंच. सकाळचा पाढा संध्याकाळी नाही, म्हणजे आळस नव्हे, कपाट तेच पण खण उघडत नाही. पेन्सिल टीचरनी दिली हे तो खोटं बोलतोय असं धरू नका. आठवणीत भोक पडलं की मेंदू जवळचं ठिगळ लावतो. ‘का घेतलीस’ असं खोदून विचारलं तर आणखी मोठं ठिगळ मिळेल. पेन्सिलला त्याच्या नावाची पट्टी लावा आणि घरी निघताना दप्तर दोघांनी मिळून बघा, बाकी चर्चा नको.

घरात एका वेळी एकच सूचना, छोटी, आणि ती ‘करू नको’ अशी नव्हे, ‘हे कर’ अशी. सकाळची कामं चित्रांनी भिंतीवर. शिक्षा उद्यावर ढकलायची नाही, त्याला तिचा संबंध लागत नाही. गरब्याच्या मैदानातल्या आवाजाने तो बिथरत असेल तर सोसायटीतला गरबा, कडेला, अर्धा तास. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी, म्हणून कोणी मराठी बंद करा म्हणेल, ऐकू नका. आजीशी बोलण्याची भाषा काढून घेतल्याने पाढा येत नाही. शाळेला मात्र लेखी कळवा: पुढचा बाक, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद, पाढ्यांचा तक्ता बाकावर चिकटवलेला. एका शाळेत यावर मला ‘मग सगळेच मागतील’ असं उत्तर मिळालं होतं. चष्मा सगळेच मागतात का, असं विचारून मी फोन ठेवला. पुढे भांडून मिळवलं.

औषध विकाराचं नाही, लक्षणांचं. चंचलपणा फारच असेल तर मिथाइलफेनिडेट हे लक्ष टिकवणारं औषध, पण या मुलांमध्ये परिणाम बेभरवशाचा, आणि त्याने भूक मरते. तुमचा लेक आधीच काटकुळा. म्हणून अगदी कमी डोसने, वजनाची वही ठेवून. कोलीन या मेंदूला लागणाऱ्या पोषकद्रव्याची पावडर मागवायच्या बेतात आहात म्हणता. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत तिचा थोडा फायदा काही छोट्या चाचण्यांत दिसला, पण पाच ते दहा वर्षांच्या मुलांना सहा आठवडे देऊन पाहिली तेव्हा फरक पडला नाही. तुम्ही खात असाल तर रोज एक अंडं द्या, त्यात दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास कोलीन असतं, आणि ते पैसे व्यवसायोपचाराला ठेवा.

भेटायला याल तेव्हा दत्तक फाइल, शाळेच्या वह्या (सुंदर अक्षरातल्या नव्हे, रोजच्या) आणि त्याचे दोन-तीन वर्षांचा असतानाचे फोटो घेऊन या. वयात येताना या खुणा पुसट होत जातात, लहानपणीचा फोटो कामाला येतो. फोटो समोरून काढलेला, तोंड मिटलेलं. हसरा नको, हसलं की कोणाचीही पन्हळ सपाट दिसते. आणि वहिनीला सोबत आणलंत तर तिला माझ्याकडे एकटीला आत पाठवा.